क्वचित, थोडीशी

डोळ्यांत थेंब टाकून बसवलेल्या माणसाला करण्यासारखं काही उरत नाही. वाचता येत नाही, फोन बघता येत नाही, समोरची भिंत तेवढी हळूहळू धुक्यात जात राहते. बाहुल्या पुरत्या मोठ्या व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात एक मुलगी माझा केसपेपर भरत होती. मधुमेह? नाही. रक्तदाब? गोळी चालू आहे. घरात कुणाला डोळ्यांचा आजार? आईला. सिगारेट? कधीच नाही. दारू?

"क्वचित," मी म्हटलं. "थोडीशी."

तिनं मान वर न करता लिहून घेतलं. संध्याकाळी थेंबांचा असर उतरल्यावर मी तो कागद वाचला. रकाना इतका अरुंद होता की त्यात 'क्वचित' कसंबसं मावलं होतं आणि 'थोडीशी' गळून पडलं होतं.

आठवड्यातल्या चार-पाच संध्याकाळी दोन ग्लास वाइन घेणाऱ्या बाईनं हे उत्तर दिलं होतं. मी खोटं बोलले असं तेव्हा मला खरंच वाटलं नाही. पिणारे म्हणजे बाबा, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून पक्कं आहे. बाबांच्या मानानं मी कुठे पिते?

डॉक्टर मॅडमनी भिंगातून बराच वेळ आत पाहिलं. "वर बघा, खाली बघा, माझ्या कानाकडे बघा" असं चाललं होतं. मग म्हणाल्या, "पीतबिंदूच्या आसपास थोडे ठिपके दिसताहेत. ड्रूसेन म्हणतात त्यांना. लगेच घाबरण्यासारखं काही नाही, पण आईला मॅक्युलाचा त्रास आहे म्हणालात ना, मग दरवर्षी दाखवत राहा."

मी उठता उठता विचारलं, "संध्याकाळी एखादा ग्लास वाइन घेतली तर चालते ना?"

"थोडी म्हणजे किती घेता?"

"थोडीच."

त्या हसल्या. "ते मलाही सगळे सांगतात."

*

आईबद्दल आधी सांगायला हवं, कारण या सगळ्याला ती साक्षीदार आहे. आई आता ८३ वर्षांची आहे. दारूचा थेंबही तिनं कधी घेतलेला नाही. खोकल्याच्या औषधाला उग्र वास आला तरी ती बाटली उलटीसुलटी करून वाचायची. वाचायची, असं भूतकाळात म्हणावं लागतं. सात वर्षांपूर्वी एका सकाळी तिनं विचारलं, "अगं, ही दाराची चौकट कुणी वाकडी केली?" चौकट सरळच होती. तिच्या डाव्या डोळ्यात सरळ रेघा पाण्यात काठी दिसावी तशा मोडल्या होत्या.

याला म्हातारपणातला मॅक्युलर डीजनरेशन म्हणतात. मॅक्युला किंवा पीतबिंदू म्हणजे दृष्टिपटलाच्या मधोमध असलेली पाचेक मिलिमीटरची जागा. वाचणं, सुई ओवणं, चेहरा ओळखणं, सगळं बारीक काम ही एवढीशी जागा करते. बाकीचं दृष्टिपटल कडेचं बघतं. त्यामुळे हा आजार माणसाला पूर्ण आंधळं करत नाही. तो मधलं तेवढं पुसून टाकतो. आईला भिंतीवरच्या घड्याळाची गोल कड दिसते, काटे दिसत नाहीत. माझे केस दिसतात, कानातलं दिसतं, चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग असतो. ती माझ्याशी बोलताना माझ्या खांद्याकडे बघते, म्हणजे मी तिला कडेच्या नजरेत सापडते. नवख्या माणसाला वाटतं, आजींचं लक्ष नाही.

तिच्या आजाराचा प्रकार ओला. त्यात दृष्टिपटलाखाली नको त्या रक्तवाहिन्या उगवतात आणि पाझरतात. २००६ सालाच्या सुमारास यावर डोळ्यात द्यायची गुणकारी इंजेक्शनं मिळू लागली. त्याआधी हातावर हात ठेवून बघत बसण्याखेरीज फारसं काही नव्हतं. डोळ्यात सुई म्हटल्यावर दादाला आणि मला घाम फुटला होता. आई मात्र बाहेर येऊन म्हणाली, "एवढंच होय?" उजवा डोळा त्या इंजेक्शनांनी बराच काळ टिकवला. डावा आम्ही उशिरा नेला. इतके दिवस 'चष्म्याचा नंबर वाढला असेल' असं मीच म्हणत होते.

आणि बाबा. बाबा रोज संध्याकाळी घ्यायचे, सिगारेटही ओढायचे, आणि औषधाच्या चिठ्ठीवरचं मुंगीएवढं अक्षर चष्म्याशिवाय वाचून दाखवायचे. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की दादाचा सिद्धांत तयार होतो. तो त्यानं कितीतरी वेळा ऐकवलाय: "आईनं थेंब घेतला नाही, तिचे डोळे गेले. बाबांनी पिंपं रिकामी केली, त्यांचे डोळे गरुडासारखे. आता बोल!"

मी बरीच वर्षं काही बोलले नाही, कारण सिद्धांत मलाही सोयीचा होता. पण त्यातलं भोक काही लपून राहण्यासारखं नाही. बाबा ६१व्या वर्षी गेले. त्यांचे डोळे शेवटपर्यंत उत्तम होते हे खरं. शेवटच लवकर आला. आईला पहिली वाकडी चौकट दिसली तेव्हा ती ७६ वर्षांची होती. हा आजार पन्नाशीनंतर डोकावतो आणि सत्तरी-पंचाहत्तरीनंतर खरा हातपाय पसरतो. बाबा त्याच्या वाटेला जाण्याइतके जगलेच नाहीत. त्यांना यकृतानं आणि हृदयानं आधीच गाठलं.

शिवाय या आजारात आपल्या हातात नसलेलं बरंच असतं. वय हे सगळ्यात मोठं कारण. त्याखालोखाल आनुवंशिकता: २००५ साली कॉम्प्लिमेंट फॅक्टर एच नावाच्या जनुकातला एक बदल या आजाराशी घट्ट जोडलेला सापडला. आईनं पथ्यानं काढलेली ८३ वर्षं त्या जनुकाला काही समजावू शकली नसावीत. आपल्या हातात असलेल्या कारणांत सिगारेट पहिली, आणि ती इतकी पहिली की बाकीची कारणं तिच्या मागे लांब उभी आहेत. ओढणाऱ्यांत या आजाराचा धोका न ओढणाऱ्यांच्या दुप्पट ते चौपट भरतो. दारू त्या रांगेत कुठे उभी आहे, हे मला पाहायचं होतं.

खरं तर तेवढंच पाहायचं नव्हतं. मला सवलत हवी होती.

*

त्या महिन्यात मी रात्री जेवणानंतर वाचत बसायचे. ग्लास हाताशी असायचा, हे सांगायला हवं.

पहिल्याच आठवड्यात सवलत मिळाली. २०२१ सालचा ब्रिटनमधला अभ्यास, दोन मोठ्या नोंदवह्या मिळून चार लाख नव्वद हजारांवर माणसं. प्रश्न मोतीबिंदूचा. आठवड्यातून पाच वा अधिक वेळा वाइन घेणाऱ्यांना मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागण्याचं प्रमाण न पिणाऱ्यांपेक्षा एका नोंदवहीत २३ टक्क्यांनी आणि दुसरीत १४ टक्क्यांनी कमी निघालं. मी तो दादाला लगेच पाठवला. दादाचं उत्तर आलं ते फक्त दोन ग्लास एकमेकांवर आपटणारं चित्र.

त्याआधीचंही एक सापडलं. ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्समध्ये वयस्क लोकांच्या डोळ्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. २०१०च्या त्यांच्या अहवालात रोज एक-दोन प्रमाणित पेयं घेणाऱ्यांना मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सगळ्यात कमी वेळा लागली होती. अजिबात न घेणाऱ्यांना आणि भरपूर घेणाऱ्यांना जास्त. आलेख काढला तर झोळीसारखा होतो, दोन्ही टोकं वर, मध्ये पोट. त्या पोटात आपण आरामात झोपलेलो आहोत असं मला वाटलं. पीतबिंदूबद्दलही १९९८ साली अमेरिकेतल्या एका सर्वेक्षणातून 'वाइन थोडी घेणाऱ्यांत आजार कमी' असा निष्कर्ष निघाला होता.

पण मग पुढचं वाचलं. अमेरिकेतलेच हजारो पुरुष डॉक्टर आणि हजारो परिचारिका अनेक वर्षं पाहिल्या गेल्या, तेव्हा माफक पिण्यानं पीतबिंदूला राखण मिळते असं काही दिसलं नाही. २००८ साली पाच दीर्घ अभ्यास एकत्र करून १,३६,९४६ माणसांचा हिशेब मांडला गेला: रोज तीनपेक्षा जास्त प्रमाणित पेयं घेणाऱ्यांत या आजाराची सुरुवातीची अवस्था असण्याची शक्यता सुमारे दीडपट. आणि २०१२ सालचा मेलबर्नचा. त्यात रोज २० ग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल घेणाऱ्यांत सुरुवातीच्या अवस्थेची शक्यता सुमारे २० टक्क्यांनी जास्त होती. २० ग्रॅम म्हणजे किती हे मला माहीत नव्हतं. ग्रॅममध्ये वाइन कोण मोजतं? मी ते तिथंच सोडलं आणि काचबिंदूकडे वळले.

काचबिंदूचं प्रकरण गमतीदार आहे. दारू घेतल्यावर डोळ्यातला दाब काही तास खरोखर कमी होतो, आणि काचबिंदूत दाब कमी करणं हाच तर उपचार. म्हणजे औषधच की! पण रोज घेणाऱ्यांच्या डोळ्यांत दाब उलट किंचित जास्त आढळतो. २०२२ साली सगळे अभ्यास एकत्र केले तेव्हा पिणाऱ्यांत काचबिंदूची शक्यता सुमारे १८ टक्के जास्त निघाली, आणि करणाऱ्यांनीच सांगून टाकलं की पुरावा लेचापेचा आहे. मला तो प्रामाणिकपणा आवडला. त्यातून ना सवलत मिळाली ना धमकी.

*

मधल्या काळात मी अभ्यास सोडून डोळा वाचत होते, आणि तिथं मात्र रमले.

मला सगळ्यात मोह पडला तो जीवनसत्त्व 'अ'चा. त्याचं रासायनिक नाव रेटिनॉल. रसायनशास्त्राच्या वर्गवारीत रेटिनॉल स्वतः एक अल्कोहोलच आहे. नावाच्या शेवटचा 'ऑल' तेच सांगतो. दृष्टिपटलाला ते थेट वापरता येत नाही. आधी त्याचं रेटिनाल करावं लागतं, आणि मग ते प्रथिनाशी जोडलं जाऊन प्रकाश टिपतं. 'अ' जीवनसत्त्व दृष्टीत नेमकं काय करतं हे उलगडणाऱ्या जॉर्ज वाल्ड यांना १९६७ साली नोबेल मिळालं. आता हे रेटिनॉलचं रेटिनाल करणारी काही एन्झाइम्स आणि ग्लासातल्या दारूची विल्हेवाट लावणारी एन्झाइम्स एकाच घराण्यातली आहेत. दोघांनी एकाच खिडकीसमोर रांग लावावी आणि एकानं धक्काबुक्की करून पुढं घुसावं, तसं दारू करते. यकृत पार खचलेल्या माणसाला रातांधळेपण येतं त्यामागे यातलाही धागा असतो. या घराण्यातल्या यकृतातल्या एन्झाइमला जस्त लागतं, आणि सतत पिणाऱ्यांच्या शरीरातून जस्त लघवीवाटे निघून जातं. आईला डॉक्टरांनी दिलेल्या डोळ्यांच्या गोळीतही जस्त आहे. मी तिला सकाळी जस्त द्यायचे आणि संध्याकाळी माझं घालवायचे.

दृष्टिपटलातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींची टोकं तर रोज झिजतात. दर दिवशी साधारण दहावा हिस्सा गळतो आणि त्यांच्या पाठीमागचा पेशींचा एक थर तो खाऊन टाकतो. आयुष्यभर, रोज, न कंटाळता. त्या टोकांत एक नाजूक चरबी ठासून भरलेली असते. भरपूर प्राणवायू, भरपूर उजेड आणि अशी चरबी एकत्र आली की तेल खवट व्हावं तशी ती खवट होते. वय वाढलं की पाठच्या थराला सगळं पचत नाही, आणि न पचलेलं मागे साचत जातं. माझ्या डोळ्यातले ठिपके ते हेच. दारू शरीरात मोडताना अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होतं आणि काही मार्गांनी ही खवट करणारी रसायनंही वाढतात. आधीच कामानं वाकलेल्या बाईच्या डोक्यावर आणखी एक घागर.

डोळ्यातल्या भिंगाची, म्हणजे मोतीबिंदू होतो त्या जागेची, गोष्ट त्याहून वेगळी. भिंगातून काही बाहेर टाकलं जात नाही. मधल्या गाभ्यातली प्रथिनं आपण आईच्या पोटात असतानाची आहेत. ती बदलत नाहीत, दुरुस्त होत नाहीत, फक्त ग्लुटाथायोन नावाचा एक पदार्थ त्यांना जमेल तितकं जपत राहतो. भरपूर पिणाऱ्यांच्या शरीरात नेमका तोच कमी होतो. म्हणजे माझ्या डोळ्याच्या मध्यभागी आईच्या पोटातले दिवस अजून तसेच्या तसे आहेत. हे वाचून मी ग्लास खाली ठेवला. नंतर पुन्हा उचलला.

एका गोष्टीनं मात्र मला दारूला लगेच फासावर चढवण्यापासून अडवलं. जुन्या पुस्तकांत 'तंबाखू-दारूचं अंधत्व' असा आजार असायचा: दोन्ही डोळ्यांनी मधलं धूसर दिसू लागतं, दुखत काहीच नाही, लाल रंग आधी फिका पडतो. पुढं लक्षात आलं की यात उपासमारीचा वाटा फार मोठा आहे. माणूस पितो, म्हणून जेवत नाही. बी-१, बी-१२, फोलेट संपतात. डोळ्याची नस वाळते. क्युबात १९९१ ते १९९३ या काळात पन्नास हजारांवर लोकांची नजर अशी अधू झाली. सोव्हिएत मदत थांबली होती, ताटात अन्न कमी होतं, रमचा ग्लास आणि सिगार होताच. देशभर जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटल्यावर साथ ओसरली. तिथं दोष रमला द्यायचा की रिकाम्या ताटाला? दोघांचे हात एकमेकांत अडकलेले होते. (मिथेनॉल पिऊन डोळे जातात तो प्रकार निराळा; ते सरळ विष आहे, आणि त्यावरचा एक उतारा म्हणून रुग्णाला साधी दारूच, इथेनॉल, देतात हे ऐकून दादा आठवडाभर खूश होता.)

*

सवलत हातातून कशी गेली ते सांगते. २०२१च्या अभ्यासाकडे मी परत गेले तेव्हा काही साधे प्रश्न पडले. मोजलं काय होतं? मोतीबिंदू मोजला नव्हता, शस्त्रक्रिया मोजली होती. मोतीबिंदू होणं आणि शस्त्रक्रिया करून घेणं यांच्यात दवाखान्यात जाणं येतं, धीर येतो, गरज येते. दुसरं, नेमानं वाइन घेणारा माणूस बहुधा बऱ्यापैकी कमावणारा, बऱ्यापैकी जेवणारा असतो. त्याच्या डोळ्यांना वाइननं सांभाळलं की पगारानं, हे आकडेमोडीतून पुरतं सुटत नाही. लेखकांनीही हे कारण-परिणामाचं नातं नव्हे असं बजावलंच होतं. मी पहिल्यांदा वाचताना ते वाक्य ओलांडून गेले होते.

तिसरं सगळ्यात बोचरं. 'न पिणारे' म्हणजे कोण? त्यात आईसारखे आयुष्यभर न घेतलेले असतात, आणि आजारपणामुळं सोडलेलेही असतात. बाबांनी शेवटचं दीड वर्ष घेतली नव्हती. डॉक्टरांनी दम दिला होता म्हणून. त्या दीड वर्षात कुणी त्यांच्याकडे प्रश्नावली घेऊन आलं असतं, तर त्यांनी 'घेत नाही' असंच लिहिलं असतं, आणि ते खोटं नसतं. आधीच कोसळलेले असे लोक न पिणाऱ्यांच्या रांगेत येऊन बसले की थोडी पिणारे शेजारी आपोआप टुणटुणीत दिसतात. झोळीचं डावं टोक काही अंशी अशा बाबांनी वर उचललेलं असतं.

आणि मग माझ्यासारखे. या सगळ्या अभ्यासांत कुणी घरी येऊन ग्लास मोजलेला नाही. माणसांना विचारलं, त्यांनी सांगितलं, ते लिहिलं. सर्वेक्षणांत लोक स्वतः कबूल करतात तेवढ्या दारूची बेरीज केली तर ती विकल्या गेलेल्या दारूच्या साधारण ४० ते ६० टक्केच भरते, हे अनेक देशांत दिसून आलेलं आहे. उरलेली काही जमिनीत झिरपत नाही. ती 'क्वचित, थोडीशी'मध्ये असते.

इथं माझ्या मनानं एक चलाखी केली. लोक अर्धीच सांगत असतील, तर २० ग्रॅमवर दिसलेला धोका खरं तर ४० ग्रॅमवरचा असेल, म्हणजे मर्यादा उलट वर सरकते, नाही का? मी हे कागदावर मांडलं आणि दोन मिनिटं स्वतःवर खूश झाले. मग लक्षात आलं की हा युक्तिवाद करायला मला आधी मान्य करावं लागतंय, की माझ्यासारखी बाई जो आकडा सांगते त्याच्या दुप्पट पिते.

मोजायचं ठरलं ते त्या रात्री.

स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं घेतलं. ग्लासात नेहमीसारखी, न बघता ओतली आणि भांड्यात उलटली. २१० मिली. प्रमाणित ग्लास धरतात तो १५० मिलीचा. बाटलीवर १३ टक्के लिहिलं होतं. अल्कोहोलची घनता मिलीला ०.७९ ग्रॅम धरली की एका ग्लासात साडेएकवीस ग्रॅम. मेलबर्नची २० ग्रॅमची रेघ माझ्या पहिल्याच ग्लासात पार झाली होती. दोन ग्लासांचे ४३ ग्रॅम. अमेरिकेत एक प्रमाणित पेय १४ ग्रॅमचं धरतात, म्हणजे माझे दोन म्हणजे तीनाला पुरून उरणारे. २००८च्या हिशेबातला 'तीनपेक्षा जास्त'वाला गठ्ठा, पिण्याच्या संध्याकाळींपुरता तरी माझाच, मी दुसऱ्यांचा समजून वाचला होता.

शेजारच्या खोलीतून आईचा आवाज आला, "आज दुसरा इतक्या लवकर?"

मी दचकलेच. "तुला कसं कळलं?"

"रोज कळतं. पहिला ओतलास की फ्रीज लगेच बंद होतो. दुसऱ्याला तू दार उघडंच ठेवतेस."

तिला माझा चेहरा दिसत नाही. जगातल्या कुठल्याही नोंदवहीपेक्षा माझी नोंद तिच्याकडे बिनचूक होती, आणि तिनं ती कधी वाचून दाखवली नव्हती. बाबांचीही तिच्याकडे असणार. मी विचारलं नाही.

*

मी दारू सोडलेली नाही. हे लिहून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की पुढं तसं काहीतरी येणार. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३मध्ये सांगून टाकलं की आरोग्याला अजिबात अपाय न करणारं असं दारूचं प्रमाण नाही. ते मुख्यतः कॅन्सरच्या संदर्भात होतं आणि मला पटतं. डोळ्यांपुरतं म्हणाल तर माझं मत असं झालंय: भरपूर पिण्यानं पीतबिंदूचं आणि भिंगाचं नुकसान होतं यावर विश्वास ठेवायला पुरेसं आहे, थोड्यानं फायदा होतो यावर विश्वास ठेवायला पुरेसं नाही, आणि थोड्यानं नेमकं किती नुकसान होतं हे सांगायला आमच्यासारख्यांच्या जबान्या कामाच्या नाहीत. मी ग्लास बदलला. जुना ग्लास खोल होता. नव्यावर दीडशेची खूण मी नेलपॉलिशनं केलीय. ती पुसट झाली की पुन्हा करते. काही संध्याकाळी खुणेच्या वर जाते, तेव्हा वहीत तसं लिहिते. दादा त्या वहीला 'तुझी डोळ्यांची रोजनिशी' म्हणतो आणि स्वतः मोजायला तयार नाही.

कपाटाच्या दाराला आतून एक चौकटींचा कागद चिकटवलाय. मधोमध ठिपका. मार्क आम्सलर या स्विस डॉक्टरची ही जाळी. एक डोळा झाकायचा, दुसऱ्यानं ठिपक्याकडे बघायचं आणि रेघा सरळ आहेत ना ते पाहायचं. कुठं रेघ वाकली किंवा पुसली, की त्याच आठवड्यात डॉक्टर. दर सोमवारी मी ते करते. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं तर काही कळत नाही, कारण चांगला डोळा वाईटाचं झाकून नेतो. आईचंही तसंच झालं होतं.

परवा वर्ष झालं म्हणून तपासणीला गेले. तीच मुलगी, तोच केसपेपर, नवा कागद. मधुमेह नाही, रक्तदाब आहे, आईला आहे, सिगारेट नाही.

"दारू?"

मी तयारीनं गेले होते. "आठवड्यातून तीनदा. वाइन. एका वेळी दीडशे मिली. मागच्या महिन्यात दोनदा जास्त झाली, अडीचशेपर्यंत."

तिचं पेन थांबलं. तिनं पहिल्यांदाच मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, मग त्या अरुंद रकान्याकडे पाहिलं.

"म्हणजे क्वचितच ना, काकू?" ती म्हणाली, आणि लिहून टाकलं. "चला, वर बघा." तिनं माझी खालची पापणी बोटानं ओढली आणि पहिला थेंब टाकला.